अंदमानात महाग पडते ती घाई

पहाटे साडेपाचला फीनिक्स बे जेट्टीवर लख्ख उजाडलेलं असतं. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्रीविजयपुरम झालं, पण धक्क्यावरची सकाळ तीच आहे. तिकीट आणि ओळखपत्र हातात धरून रांग लागलेली असते. गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातून घरी निघालेली आजी आणि तिला सांभाळून नेणारा नातू, सुट्टीला गावी चाललेली कॉलेजची मुलं, सुतळीनं बांधलेली किराण्याची खोकी, आणि मधेच पाठीवर सॅक अडकवलेले दहा-वीस पर्यटक. सरकारी बोट स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, पोचायला साधारण अडीच तास घेते. खासगी वातानुकूलित बोट तेच अंतर दीड तासात कापते. तिकिटात फरक दुपटी-तिपटीचा पडतो.

वाचलेल्या तासाच्या बदल्यात आणखी काही जातं. खासगी बोटीत बहुतेक वेळ काचेआड खुर्चीवर बसून काढावा लागतो; सरकारी बोटीच्या डेकवर उभं राहता येतं. किनारा मागे पडतो, पाणी हिरव्यावरून शाईसारखं निळं होत जातं, आणि बोटीच्या नाळेपासून उडते मासे थव्यानं उसळून दूरच्या लाटेत शिरतात. शेजारी रेलून उभा असलेला बेटावरचा माणूस समोरचं कुठलं बेट वस्तीचं आणि कुठलं रिकामं ते न विचारताच सांगायला लागतो. बेटावरच्या सुट्टीत माणूस जे शोधायला जातो ते इथेच, काहीशे रुपयांच्या तिकिटावर, सुरू झालेलं असतं.

महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत अंदमान हे नाव ‘एकदा जायचंय’च्या यादीत वर्षानुवर्षं पडून आहे. कपाटात सावरकरांचं ‘माझी जन्मठेप’ असतं, आजोबांनी कधीतरी ‘मला ती कोठडी बघायचीय’ असं म्हटलेलं असतं. मग एखाद्या रविवारी सहलीचं पत्रक हातात येतं. पाच रात्री, सहा दिवस. चौघांच्या खर्चाचा आकडा बघितला की नाव यादीत पुन्हा खाली सरकतं आणि घर महाबळेश्वरला जाऊन येतं. ‘अंदमान आपल्याला परवडायचं नाही’ हे वाक्य इतक्या घरांत इतक्या वेळा बोललं गेलंय की ते कुणी तपासूनही बघत नाही. तपासलं तर दिसतं की त्या आकड्यातला मोठा भाग बेटांचा नाही, घाईचा आहे.

त्या सहा दिवसांत काय कोंबलेलं असतं ते पाहा. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, दुसऱ्या दिवशी स्वराज द्वीप, तिसऱ्या दिवशी तिथले दोन किनारे, चौथ्या दिवशी शहीद द्वीप म्हणजे जुनं नील, पाचव्या दिवशी परत. रोज सकाळी बॅगा भरायच्या आणि संध्याकाळी उघडायच्या. एवढं सगळं घड्याळात बसवायचं तर वेगवान बोटच लागते, दाराशी दिवसभर टॅक्सी उभी लागते, आणि खोली आयत्या वेळी मिळेल त्या दराला घ्यावी लागते. श्रीविजयपुरम, स्वराज द्वीप, शहीद द्वीप आणि परत अशा तीन टप्प्यांना चौघांची बारा तिकिटं होतात. एका तिकिटामागे हजार रुपयांचा फरक धरला तरी नुसत्या बोटीवर बारा हजार वाचतात. शहीद द्वीपवर साध्या, स्वच्छ गेस्टहाउसात ते कुटुंब तेवढ्या पैशांत आणखी तीन-चार दिवस राहू शकतं.

विमानाचं तिकीट हा मात्र खरा डोंगर आहे आणि तो चढण्याला पर्याय थोडे आहेत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना एलटीसीवर अंदमानला विमानानं जायची सवलत असते, त्यामुळे दिवाळी, नाताळ आणि मे या काळात गर्दी उसळते आणि दरही. जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्च हा काळ हवेच्या दृष्टीनं उत्तम आणि तुलनेनं मोकळा. शाळकरी मुलांच्या घराला ती मुभा नाही. त्यांनी निदान दिवाळीच्या मधल्या चार दिवसांऐवजी सुट्टीचा शेवटचा आठवडा धरावा. मुंबई-पुण्याहून दर फारच चढे दिसले, तर चेन्नईपर्यंत रेल्वेनं जाऊन तिथून दोन-सव्वादोन तासांचं विमान पकडणं हा जुना, खात्रीचा मार्ग आहे. एक दिवस जातो, पण चौघांच्या तिकिटांत तो एक दिवस चांगला वसूल होतो.

समुद्रमार्गही अजून आहे. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून प्रवासी जहाजं जातात. तीन ते चार दिवस लागतात आणि सगळ्यात स्वस्त बंक वर्गात विमानाच्या मानानं अगदी थोडक्यात प्रवास होतो. आठवड्याची रजा काढून निघालेल्याला हे जमणार नाही. पण नुकतेच निवृत्त झालेले, किंवा पदवीची परीक्षा संपवून निकालाची वाट पाहणारे, त्यांनी एकदा तरी अंदमान पाण्यावरून गाठावं. १९११ मध्ये मद्रासहून निघालेल्या ‘महाराजा’ नावाच्या आगबोटीनं सावरकरांना ज्या समुद्रातून नेलं, तोच हा समुद्र. तीन दिवस चारी बाजूंना पाणी बघितल्यावर ‘काळं पाणी’ हे दोन शब्द पहिल्यांदा पुरते कळतात.

सेल्युलर जेल अर्थातच टाळायचा नाही, आणि सगळ्या अंदमानात सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त देणारी जागाही तीच आहे. १८९६ मध्ये बांधायला घेतलेला हा तुरुंग १९०६ मध्ये पुरा झाला. मधल्या मनोऱ्यातून निघालेल्या सात इमारती, चाकाच्या आऱ्यांसारख्या. एका इमारतीच्या कोठड्यांची दारं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या बंद्याचं तोंडही दिसू नये अशी रचना. आज तीनच इमारती उभ्या आहेत. १९७९ मध्ये त्याचं राष्ट्रीय स्मारक झालं. बहुतेक सहली इथे दुपारी उशिरा येतात, सावरकरांच्या कोठडीपुढे रांगेत उभं राहून फोटो काढतात आणि लगेच बाहेर पडून ध्वनि-प्रकाश कार्यक्रमाच्या खुर्च्या धरतात. ज्याच्याकडे वेळ आहे त्यानं सकाळी उघडल्या उघडल्या जावं. रिकाम्या गॅलरीतून चालावं. बाबाराव सावरकर, वामनराव जोशी, बारींद्र घोष, उल्लासकर दत्त यांची नावं फलकांवर थांबून वाचावीत. तेल गाळायचा कोलू बघावा, हात लावून. आजोबांना घेऊन गेलेल्या घरानं तर त्या दिवशी दुसरं काहीच ठरवू नये.

काटकसरीत अंदमान बघायचं तर सूर्याचं वेळापत्रक समजून घेणं हा पहिला धडा. श्रीविजयपुरम मुंबईच्या जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे तिथे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे ८० मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचच्या आत अंधारायला लागतं. हॉटेलात आठला नाश्ता आणि साडेनऊला टॅक्सी या क्रमानं चालणाऱ्या माणसाचे दिवसातले उत्तम चार तास झोपेत आणि पोह्यांच्या रांगेत जातात. पाचला उठणाऱ्याला स्वराज द्वीपचा काळापत्थर किनारा जवळजवळ एकट्याला मिळतो. दुपारच्या उन्हात खोलीत झोपावं, तीननंतर पुन्हा निघावं. हे वेळापत्रक कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

राधानगर किनाऱ्याचं कौतुक नव्यानं करायची गरज नाही. ‘टाइम’ साप्ताहिकानं २००४ मध्ये त्याला आशियातला उत्तम किनारा म्हटलं, २०२० मध्ये त्याला ‘ब्लू फ्लॅग’ मिळाला, आणि तेव्हापासून सगळ्या टॅक्सी दुपारी चारला तिथेच जातात. जेट्टीपासून हे अंतर बारा किलोमीटरच्या आसपास आहे आणि तिथे बस जाते. शेतं, सुपारीच्या बागा आणि शाळा सुटलेली मुलं यांच्यामधून जाणारी ती बस टॅक्सीच्या भाड्याच्या एका अगदी लहान अंशात पोचवते. परतीची शेवटची बस किती वाजता, तेवढं उतरताना कंडक्टरला विचारून ठेवायचं. स्कूटर भाड्यानं घ्यायची तर साधारण पाचशेच्या घरात दिवस पडतो. दोघांसाठी तीही टॅक्सीहून किती तरी स्वस्त.

पण थांबायचं ते शहीद द्वीपवर.

हे बेट इतकं लहान आणि सपाट आहे की सायकल पुरते. बोटीतून उतरल्यावर भरतपूर किनारा चालत जाण्याजोगा, पूर्वेच्या टोकाला सूर्योदयाचा सीतापूर, पश्चिमेला सूर्यास्ताचा लक्ष्मणपूर, आणि मधे रामनगर. सगळी नावं रामायणातली. शेजारच्या स्वराज द्वीपवर गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर, म्हणजे सगळी कृष्णाची. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून घरदार टाकून आलेल्या निर्वासितांना १९४९ पासून अंदमानात वसवायला सुरुवात झाली. जंगल तोडून केलेल्या या वस्त्यांना त्यांची देवांची नावं मिळाली. टॅक्सीतून वीस मिनिटांत तीन किनारे उरकणाऱ्याला ही नावं पाटीवरचे शब्द वाटतात. सायकलवरून जाणाऱ्याला त्यांच्या मधली घरं दिसतात: अंगणात वाळत घातलेला मासा, परसात लावलेली वांगी, तळ्याकाठी कपडे धुणाऱ्या बायका. थेट बंगालचं खेडं, फक्त तळ्यापलीकडे समुद्र. नील हे अंदमानच्या भाजीपाल्याचं कोठार म्हणून ओळखलं जातं, आणि सकाळच्या बाजारात ते पटतं.

या बेटावर सगळ्यात मोलाची गोष्ट फुकट आहे, ती म्हणजे ओहोटी. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर समुद्रानं खडक कोरून केलेली कमान आहे. बंगाली वस्तीनं तिला ‘हावडा ब्रिज’ नाव दिलंय. पाणी ओसरलं की कमानीपर्यंतचा सगळा खडकाळ पट्टा उघडा पडतो आणि त्यातल्या डबक्यांमध्ये समुद्राचा तळ आपणहून वर आलेला असतो. समुद्रकाकड्या, तारामासे, आपल्या कपारीतून डोळे काढून बघणारे खेकडे, बोटाएवढे निळे मासे, कुठे एखादी जिवंत पोवळ्याची फांदी. पाण्यात उतरावं लागत नाही, मुखवटा लागत नाही, पोहता येत नसलं तरी चालतं. गुडघे दुखणाऱ्या आजीनंही एका सपाट खडकावर बसून तासभर एकच डबकं बघावं, तिला पुरेल.

मात्र ओहोटी आपल्या वेळेनं येते, सहलीच्या नाही. ती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा सरकते. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे मासेमारी करणाऱ्या घरातलं पोरही सांगतं. अंदमानातल्या वेळा वेगळ्या असल्या, तरी चंद्राचा हिशेब तोच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाच्या दिवसांत पाणी खूप आत ओसरतं, अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत थोडंच. तेव्हा विमानाचं तिकीट काढताना कॅलेंडरवरचा चंद्र एकदा बघून घ्यावा, आणि बेटावर उतरल्यावर गेस्टहाउसच्या मालकाला पहिला प्रश्न ‘वाय-फाय आहे का’ ऐवजी ‘उद्या ओहोटी कितीला’ असा विचारावा. एका रात्रीच्या मुक्कामात ही वेळ साधणं निव्वळ नशिबावर. तीन रात्री असल्या की ती साधतेच.

डबक्यांमधून चालताना पाय कुठे पडतो हे मात्र बघायला हवं. पोवळं हा जिवंत प्राणी आहे. पावलाखाली मोडलेला तुकडा वाढायला वर्षं जातात. अंदमानच्या प्रवाळाला १९९८ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये समुद्र तापल्यानं मोठा फटका बसला, कित्येक भाग पांढरे पडले. जे उरलंय ते जपायचं काम येणाऱ्या प्रत्येकाचं आहे, स्वस्तात आलेल्याचंही. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो आणि विमानतळावर सामानाच्या तपासणीत तो सापडतो. मुलांना हे आधी घरीच सांगून न्यावं.

जेवणाचा खर्च हॉटेल सोडलं की निम्म्यानं उतरतो. जेट्टीजवळच्या आणि गोविंदनगरच्या बाजारातल्या खानावळींत दुपारी बंगाली पद्धतीची थाळी मिळते: भात, पातळ डाळ, एक भाजी, आणि हवा तर मोहरीच्या वाटणातला मासा. सकाळी पुरी-भाजी किंवा इडली, कारण बंगाल्यांच्या जोडीला इथे तमिळ आणि तेलुगू लोकही भरपूर आहेत. एकमेकांशी सगळे हिंदीत बोलतात. शहाळं, चिरलेलं अननस, केळी रस्त्यावरच मिळतात. शाकाहारी मराठी कुटुंबं बरोबर थेपले-चकल्यांची बॅग घेऊन निघतात. ती न्यावी, बोटीवर उपयोगी पडते, पण तिच्यावर आठवडा काढायची गरज पडत नाही.

राहण्याच्या बाबतीत ‘सी-व्ह्यू’ या शब्दासाठी जो अधिकचा दर द्यावा लागतो, तो या दोन बेटांवर तरी व्यर्थ आहे. समुद्र कुठूनही सायकलच्या टप्प्यात असतो आणि रात्री खिडकीतून तो काळाच दिसतो. तरण तलावाचं हॉटेल घेण्याआधी आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. एवढा पाऊस पडूनही या बेटांवर गोड्या पाण्याची साठवण थोडी आहे. श्रीविजयपुरमचं पाणी मुख्यतः धनीखारी धरणातून येतं आणि कोरड्या उन्हाळ्यात शहरात ते रोज येत नाही. बादलीभर पाण्यात अंघोळ करणारा पाहुणा तिथल्या माणसांना जड होत नाही. मालवण-तारकर्लीकडे घरगुती निवासात राहिलेल्या मराठी माणसाला ही राहणी ओळखीची आहे: पुढच्या खोलीत पाहुणे, मागे यजमानांचा संसार, रात्री काय खाणार ते सकाळीच सांगून ठेवायचं.

तीन ठिकाणी हात आखडता घेऊ नये. पहिलं, स्कूबा डायव्हिंग. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षकाबरोबर खाली उतरता येतं, आणि मान्यताप्राप्त केंद्रात त्याला साडेतीन-चार हजारांच्या पुढे पैसे पडतात. जेट्टीवर कुणी त्याच्या निम्म्यात न्यायला तयार असेल तर त्यानं कशात कपात केली हे पाण्याखाली कळायला नको. पैसे नसतील तर भरतपूरला मुखवटा लावून पोहावं, घरून नेलेला मुखवटा असेल तर आणखी उत्तम. दुसरं, समुद्राविषयीच्या सूचना. या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत; २०१० मध्ये राधानगरजवळ एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीनं जीव घेतला. फलक आहे तिथे पाण्यात उतरायचं नाही, जीवरक्षकानं सांगितलेली हद्द ओलांडायची नाही. तिसरी जागा म्हणजे परतीच्या विमानाआधीचा मोकळा दिवस. डिसेंबर २०१६ मध्ये हवा बिघडून बोटी बंद झाल्या आणि चौदाशेच्या आसपास पर्यटक या दोन बेटांवर अडकले. नौदलाला जहाजं पाठवावी लागली. शेवटची रात्र श्रीविजयपुरममध्येच काढावी. त्या दिवशी सरकारी बसनं चिडियाटापूला सूर्यास्त बघता येतो किंवा वंडूरच्या किनाऱ्यावर जाता येतं.

आणि एक जागा यादीतून पूर्ण काढून टाकावी. बाराटांगची सहल बहुतेक पत्रकांत असते: पहाटे तीनला निघायचं, जिरकाटांगच्या चौकीवर गाड्यांच्या ताफ्यात लागायचं, आणि जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाणाऱ्या अंदमान ट्रंक रोडवरून पलीकडे चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी बघायला जायचं. गुहा आहेत, खारफुटीतली खाडीही सुंदर आहे. पण त्या ताफ्यातल्या बऱ्याच गाड्यांमधले डोळे गुहांसाठी नसतात, रस्त्याकडेला जारवा दिसतात का याकडे असतात. जारवा मोजून काही शे उरलेत. बाहेरच्या माणसाचा साधा आजारही त्यांच्या जिवावर उठू शकतो. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच राखीव क्षेत्रातला हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता, आणि तरीही ताफे जात राहिले. फोटो काढायला बंदी आहे, गाडी थांबवायला बंदी आहे, हे खरं. पण माणसं बघायला जाण्याची इच्छा नियमानं थांबत नाही. या एका दिवसाचे पैसे वाचवून ते शहीद द्वीपवर घालवणं, हा सगळ्या सहलीतला सर्वांत चांगला निर्णय ठरेल. मध्य अंदमान बघायचंच असेल तर बोटीनं लाँग आयलंडला जावं. वाट लांबची आहे, गर्दी नाही, आणि कुणाच्या अंगणातून जावं लागत नाही.

कमी पैशांच्या प्रवाशाला बेटांवर जागा असावी की नाही, हा प्रश्न केवळ प्रवाशाच्या खिशाचा नाही. मालदीवनं त्याचं उत्तर देऊन ठेवलंय. तिथलं पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, १९७२ मध्ये सुरू झालं. पुढे दीर्घ काळ नियम असा होता की पर्यटक राहणार ते रिसॉर्टच्या बेटांवर आणि मालदीवचे लोक राहणार ते त्यांच्या बेटांवर. पैसा यायचा तो मोजक्या मालकांकडे. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस काढायला मोकळीक मिळाली. माले शहरापासून सार्वजनिक फेरीनं दीड तासावर असलेलं माफुशी हे बेट तोवर तिथल्या तुरुंगामुळे ठाऊक होतं; आज ते गेस्टहाउसांसाठी ओळखलं जातं. देशभर अशी शेकडो घरं पाहुण्यांसाठी उघडली. मासेमाराच्या मुलाला स्वतःच्या बेटावर हॉटेलमालक होता आलं.

माफुशीनं दुसरी बाजूही दाखवली. लहानशा बेटावर इमारतीला इमारत लागली, कचरा वाढला, आणि पहाटेची शांतता शोधायला आलेल्यांना पुढच्या बेटावर जावं लागलं. स्वस्त म्हणजे आपोआप चांगलं, असं नाही. पण रिसॉर्टच्या भिंतीआडच्या पर्यटनापेक्षा चुका दुरुस्त करायची संधी तिथे जास्त आहे, कारण बेटावरचेच लोक यजमान आहेत आणि घाण त्यांच्याच दारात साठते. जानेवारी २०२४ मध्ये आपल्याकडे ‘लक्षद्वीप की मालदीव’ हा वाद रंगला, तेव्हा दोन्हीकडच्या निळ्या पाण्याची छायाचित्रं पुष्कळ फिरली. सामान्य कुटुंबाला कुठे, कसं, किती पैशांत जाता येईल हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला.

अंदमानपुढे तोच प्रश्न उभा आहे. नीती आयोगाच्या पुढाकारानं लाँग, स्मिथ, एव्हिस आणि शहीद द्वीप या बेटांवर खासगी भागीदारीतून मोठी पर्यटन संकुलं उभारायच्या योजना आखल्या गेल्या आहेत. ज्या बेटाचं पाणी पावसावर आणि रस्ता सायकलीपुरता आहे, तिथे शंभर महागडे व्हिला काय भर घालतील? तेवढ्याच गुंतवणुकीतून आणखी काही सरकारी बोटी आल्या, हंगामात फेऱ्या वाढल्या आणि वेळापत्रक महिनाभर आधी पक्कं कळलं, तर त्याचा लाभ पर्यटकाच्या आधी बेटवासीयांना होईल. आज एकाच बोटीतल्या जागांसाठी दवाखान्याला निघालेला म्हातारा आणि सुट्टीवर आलेला पाहुणा एका रांगेत उभे असतात. बेटवासीयांना सवलतीचा दर आणि अग्रक्रम असतो, तो असायलाच हवा. रांगेत मागे राहावं लागलं तर पाहुण्यानं कुरकुर करू नये; पुढच्या बोटीपर्यंतचा वेळ त्याच्याकडे असायला हवा, आणि तो वेळ बाजूला काढूनच त्यानं घर सोडलेलं असावं.

समजा, सांगलीचं एक शिक्षक दांपत्य दोन मुलांना घेऊन निघालं आहे. चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढे विमान. दोन रात्री श्रीविजयपुरम, चार रात्री शहीद द्वीप, दोन रात्री स्वराज द्वीप, शेवटची पुन्हा श्रीविजयपुरमला. टॅक्सी फक्त विमानतळाची. नऊ रात्रींचा हा हिशेब पाच रात्रींच्या पत्रकाएवढाच येईल, कदाचित थोडा कमी. शहीद द्वीपवर पहिल्या सकाळी ते कमानीकडे उशिरा पोचतात. पाणी वर चढलेलं, खडक बुडालेले, मुलं हिरमुसलेली. वाटेत सायकली भाड्यानं देणारी बाई बंगाली वळणाच्या हिंदीत सांगते, आज ओहोटी सहाला होती, उद्या सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना. धाकटा सायकलच्या टोपलीतून वही काढून ती वेळ लिहून घेतो. मग चौघं भरतपूरकडे वळतात, तिथे या वेळेला पाणी पोहण्याजोगं असतं.